भूजलातले रहिवासी : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

खानदेशातल्या पहूरच्या शिवारातल्या एखाद्या जुन्या विहिरीत मे महिन्यात डोकावून पाहावे. पाणी तळाला गेलेले असते आणि विहिरीची भिंत वरपासून खालपर्यंत उघडी पडलेली असते. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग मांजऱ्या, मध्येच कुठे तांबड्या मातीचा पातळ थर, आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न हलणारा काळा पाषाण. मांजऱ्या आणि तांबडा थर जिथे भेटतात तिथे ओल धरलेली असते. त्या ओलीवर शेवाळाची रेघ असते आणि रेघेतून पाणी थेंबाथेंबाने उतरत असते. विहीर खोदणारा गडी तेवढ्या जागेला झरा म्हणतो आणि बरोबरच म्हणतो.

या झऱ्याला पाणी किती, ते किती दिवस पुरेल, अजून दोन परस खोल गेलो तर वाढेल का, आडवे बोअर कोणत्या दिशेला मारावे, हे प्रश्न खानदेशातला प्रत्येक शेतकरी विचारतो. भूजलशास्त्रानेही मुख्यतः हेच प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता ते मोठे झाले. पण त्या फटीच्या आत, जिथे प्रकाश कधी पोहोचला नाही, तिथे कुणी राहते का? राहत असेल तर काय खाते, किती वर्षे जगते, शेजारच्या विहिरीतल्या आपल्या जातभाईंशी त्याची गाठ पडते का? या प्रश्नांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्याला भूजल-जीवशास्त्र म्हणू. या शास्त्रात येऊ पाहणाऱ्या मराठी वाचकासाठी, विशेषतः गावाकडच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्र किंवा भूशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींसाठी, ही प्रस्तावना आहे. माझे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर असे : भूजल हा पाण्याचा साठा आहे तशीच ती राहण्याची जागा आहे, आणि ही दुसरी बाजू समजून घेतल्याशिवाय पहिलीही पुरती समजत नाही.

या शास्त्राची सुरुवात एका गैरसमजातून झाली. आजच्या स्लोव्हेनियात चुनखडीच्या डोंगरातून फुटणाऱ्या झऱ्यांच्या तोंडाशी पुरानंतर कधी कधी एक फिकट, आंधळा, लांबट प्राणी वाहून येई. लोक त्याला ड्रॅगनचे पिल्लू समजत. १६८९ साली वाल्वासोर या विद्वानाने ही समजूत लिहून ठेवली, आणि पुढे १७६८ मध्ये लॉरेंटीने त्या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले : प्रोटिअस. तो बेडकाच्या दूरच्या नात्यातला उभयचर आहे, सारा जन्म अंधाऱ्या पाण्यात काढतो आणि सत्तर वर्षांहून अधिक जगू शकतो. पण प्रोटिअसपेक्षा आपल्या कामाची गोष्ट प्रागमधली आहे. १८८२ मध्ये वेयडॉव्हस्की या प्राणिशास्त्रज्ञाने प्राग शहरातल्या विहिरींचे पाणी तपासताना एक अगदी छोटा, डोळे नसलेला, रंगहीन कवचधारी जीव नोंदवला. त्याचे नाव बॅथिनेला. हा शोध गुहेत लागला नाही, डोंगरात लागला नाही. वस्तीतल्या साध्या विहिरीत लागला. पुढे १९०७ साली रुमेनियाच्या राकोव्हित्साने गुहांतल्या आणि भूगर्भातल्या जीवनावर एक दीर्घ निबंध लिहिला आणि विषयाला शिस्त आली.

भारतातली सुरुवातही विहिरींतूनच झाली. १९५० साली चोप्रा आणि तिवारी यांनी बनारसच्या विहिरींतून आयसोपॉड गटातला एक आंधळा कवचधारी जीव नोंदवला. काशीवरून त्याच्या जातीला काशिएन्से हे नाव मिळाले. त्याच वर्षी केरळातल्या कोट्टायमच्या विहिरीतून मेनन यांनी होराग्लॅनिस कृष्णाई हा मासा जगापुढे आणला. डोळे नाहीत, अंगाला रंगद्रव्य नाही, आणि कातडीतून रक्ताचा लालपणा दिसतो. पुढच्या काळात आंध्र प्रदेशात आचार्य नागार्जुन विद्यापीठाच्या रंगा रेड्डी यांनी शेतातल्या बोअर आणि नदीकाठची वाळू चाळून कोपेपॉड या सूक्ष्म कवचधारी जिवांच्या आणि बॅथिनेलाच्या गटातल्या अनेक नव्या जाती वर्णिल्या. केरळच्या जांभ्यातून तर एकामागून एक मासे निघत राहिले. त्यातल्या एका जातीचे नाव २०२३ मध्ये होराग्लॅनिस पॉप्युली असे ठेवले गेले, म्हणजे लोकांचा मासा. कारण आपल्या विहिरीत, टाकीत, नळाला आलेले हे मासे सामान्य लोकांनीच संशोधकांपर्यंत पोहोचवले होते. महाराष्ट्राचा वाटाही यात आहे. मुंबईत जोगेश्वरीला, अंधांसाठीच्या एका शाळेच्या विहिरीत सापडलेल्या आंधळ्या वामीसारख्या माशाला २०२१ मध्ये राक्तामिक्थिस मुंबा हे नाव मिळाले. कोट्यवधी लोकवस्तीच्या शहराच्या पोटात एक संपूर्ण जात अनोळखी राहू शकते, तर जामनेर किंवा साक्री तालुक्यातल्या विहिरींविषयी आपण आधीच निकाल देऊन टाकू नये.

हे जीव दिसायला एकमेकांसारखे का होतात, ते थोडक्यात सांगतो. अंधारात डोळ्यांचा उपयोग नाही, आणि डोळा बाळगणे शरीराला महाग पडते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तो आक्रसत जातो. रंगद्रव्याचेही तेच. त्याऐवजी मिशा, पायांवरचे केस, स्पर्श आणि वास ओळखणारे अवयव वाढतात. अन्न फार थोडे. वरच्या जमिनीतून पाण्याबरोबर झिरपलेला कुजका पालापाचोळा, त्यावर वाढणारे जिवाणू, दगडाच्या पृष्ठभागावरचा जिवाणूंचा बुळबुळीत लेप, एवढ्यावर संसार. म्हणून हालचाल मंद, वाढ मंद, अंडी थोडी, आयुष्य मात्र लांब. बाहेर जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपुढे गेला तरी आतले पाणी वर्षाच्या सरासरी तापमानाजवळच राहते; या स्थैर्याची त्यांना सवय असते. आणि इथेच त्यांचे दुबळेपण आहे. ज्या जातीची मादी मोजकीच अंडी घालते, ती जात एका वर्षाच्या उपशात हरवली तर पुढच्या पावसाळ्यात परत येत नाही.

आता तलावाच्या खोऱ्यांकडे वळतो, कारण या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग तिथे आहे. बाल्कन प्रदेशात ओह्रिड आणि प्रेस्पा हे दोन तलाव शेजारी आहेत. मध्ये गालिचित्सा नावाचा चुनखडीचा डोंगर. प्रेस्पा ओह्रिडपेक्षा सुमारे दीडशे मीटर उंचीवर आहे आणि त्याला जमिनीवरून बाहेर पडायला वाट नाही. पण चुनखडी पाण्यात विरघळते. लाखो वर्षांत डोंगराच्या पोटात भेगा, नळ्या आणि पोकळ्या झाल्या. प्रेस्पाचे पाणी त्यांतून खाली उतरते आणि ओह्रिडच्या काठावर सेंट नौम मठापाशी झऱ्यांच्या रूपाने वर येते. ओह्रिडला मिळणाऱ्या पाण्यापैकी जवळपास निम्मे पाणी असे झऱ्यांतून येते. हा तलाव दहा लाखांहून अधिक वर्षांचा आहे आणि जगात दुसरीकडे कुठेही न आढळणाऱ्या दोनशेहून अधिक जाती तिथे आहेत. काही गोगलगायी एखाद्याच झऱ्यापुरत्या मर्यादित आहेत. झरा हेच त्यांचे जग. सिनिशा स्टान्कोविच यांनी या तलावाच्या जीवसृष्टीवर आयुष्य घालवले आणि १९६० मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. पाणी कुठून येते हे भूशास्त्रज्ञाने सांगावे आणि त्या वाटेवर कोण राहते हे जीवशास्त्रज्ञाने, अशी जोडी ओह्रिडला जमली. आपल्याकडे ती जमवायची आहे.

कुणी म्हणेल, हे चुनखडीचे झाले. आपल्या काळ्या दगडात काय आहे? महाराष्ट्राचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने झाकला आहे, आणि हा दगड चुन्यासारखा विरघळत नाही हे खरेच. पण त्यालाही पोकळ्या आहेत. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून राहिले, तो मांजऱ्या. थंड होताना आकसून चिरा पडल्या, ते सांधे. एका थरावर दुसरा थर यायच्या मधल्या काळात वरचा भाग कुजून माती झाली आणि पुढच्या लाव्हाने भाजली, ती तांबडी माती. बुडबुड्यांच्या जागी पुढे झिओलाइटचे पांढरे, गुलाबी स्फटिक वाढले. जळगाव परिसरातल्या खाणींतले हे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. पाणी या सगळ्यांतून वाट काढते. पहूरच्या माणसाला हे पाहायला फार लांब जायला नको. वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून लेण्यांच्या पायथ्याशी उतरते आणि पहूरवरून पुढे उत्तरेला तापीकडे जाते. लेणी पाहताना चित्रांवरून नजर काढून थोडा वेळ दगडाकडे द्यावी. लाव्हाचे थर एकावर एक दिसतात, पावसाळ्यात सांध्यांतून पाझर येतो, आणि हा पाझर चित्रांच्या जतनातली जुनी अडचण आहे. त्याच डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंनी पाण्याची टाकी कोरली होती. जो सांधा तिथे चित्र ओले करतो, तसाच सांधा तुमच्या विहिरीला पाणी देतो.

लाव्हाच्या पोकळ्यांत जीव राहतात याला पुरावा आहे. कॅनरी बेटांपैकी लांझारोटे येथे ज्वालामुखीच्या एका लांब नळीत समुद्राचे पाणी आत झिरपले आहे. तिथे पांढरा, आंधळा, नखाएवढा खेकड्यासारखा जीव राहतो आणि त्या बेटाची तो ओळख झाला आहे. त्याहून मोठा धडा ऑस्ट्रेलियाचा. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या यिलगार्न प्रदेशात जमिनीखाली चुनकंकराचे सुटे सुटे पाणथर आहेत. त्यांत पाण्यात बुडी मारणारे आंधळे भुंगेरे सापडले. एका पाणथरातले भुंगेरे दुसऱ्यात नाहीत. सुमारे शंभर जाती, आणि जवळपास प्रत्येक थराची आपापली. वरचे हवामान लाखो वर्षांपूर्वी कोरडे होत गेले, तसे त्यांचे पूर्वज खाली उतरले आणि मग एकमेकांपासून कायमचे तुटले. समुद्रातल्या बेटांवर जसे घडते तसेच इथे जमिनीखाली घडले.

हे वाचल्यावर धुळे जिल्ह्याचा नकाशा मला वेगळा दिसू लागतो. साक्री, दोंडाईचा, नंदुरबार या बाजूला जमिनीतून काळ्या दगडाच्या सरळ भिंती वर आलेल्या दिसतात. काही कित्येक किलोमीटर लांब आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम. लाव्हा भेगांतून वर येताना तिथेच गोठला, त्या या भिंती. भूशास्त्रात त्यांना डाईक म्हणतात. अशी भिंत अखंड असेल तर जमिनीखालच्या पाण्याला बांध घालते, आणि तडकलेली असेल तर तिच्या कडेने पाण्याला वाट करून देते. म्हणून कधी एका बाजूच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी असते आणि दुसऱ्या बाजूची विहीर होळीलाच तळ दाखवते. शेतकऱ्याला हे ठाऊक आहे. प्राणिशास्त्रज्ञाने विचारायचा प्रश्न पुढचा आहे : भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींत तोच कोपेपॉड आहे की दोन वेगळे? एवढ्या एका प्रश्नावर चांगली पीएच.डी. होईल.

खानदेशाचे मोल असे की इथे तीन तऱ्हेचे भूजल एका दिवसाच्या प्रवासात पाहता येते. दक्षिणेला अजिंठ्याच्या उतारावर, जामनेर-पाचोऱ्याकडे काळा दगड. पाणथर लहान, उथळ, पावसाळ्यात भरणारे आणि उन्हाळ्यात आटणारे. मध्ये तापीचा गाळ. वाळू, चिकणमाती, कंकर यांचे एकावर एक थर, जाडी शेकडो मीटर. आणि उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी चोपडा, यावल, रावेरच्या वरच्या बाजूला डोंगरातून वाहून आलेल्या गोट्यांचा, भरड वाळूचा पट्टा, ज्याला भूजलतज्ज्ञ बझाडा म्हणतात. इथे पाणी झटकन आत मुरते आणि फार खोल जाते. जिवाच्या दृष्टीने तिन्ही घरे निराळी. चिकणमातीत कणांमधली जागा इतकी बारीक की तिथे जिवाणूंखेरीज फारसे कुणी मावत नाही. भरड वाळूत कोपेपॉड सहज फिरतो. गोट्यांच्या पट्ट्यात मोठ्या पोकळ्या आहेत. अन्न किती खोल पोहोचते हा तिथला खरा प्रश्न. काळ्या दगडात तर वर्षातून एकदा घर लहान होते. पाणी उतरेल तसे रहिवाशाला खालच्या बारीक सांध्यात सरकावे लागते. जे सरकू शकले तेच टिकले असतील. सातपुड्याच्या पायथ्याचे उनपदेव-सुनपदेवचे गरम झरे हे चौथे घर. तिथे पाणी खोल भेगेतून तापून येते आणि उष्णता सोसणारे सूक्ष्मजीवच तग धरतात.

तलावाचे बंद खोरे आपल्याला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात लोणारला मिळते. उल्केच्या आघाताने बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या काळ्या दगडातच, झालेले हे विवर; व्यास सुमारे १.८ किलोमीटर. आत येणाऱ्या पाण्याला बाहेर पडायला मार्ग नाही, म्हणून ते फक्त वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. पाण्याचा सामू १० च्या आसपास. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले तेव्हा देशभर चर्चा झाली, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचे दाखवले. त्याच वर्षी लोणारला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. पण लोकांचे लक्ष सरोवराच्या रंगाकडे गेले तेवढे विवराच्या भिंतीकडे गेले नाही. भिंतीत लाव्हाचे थर उघडे पडले आहेत आणि त्यांतून गोड्या पाण्याचे झरे फुटतात. धार, रामगया, सीता न्हाणी ही त्यांची नावे. धारेला भाविक गोमुखाखाली स्नान करतात. हे पाणी विवराबाहेरच्या पठारावर पडलेल्या पावसाचे. ते थरांच्या सांध्यांतून आले, आणि काही पावलांवर असलेल्या क्षारयुक्त पाण्यात मिसळून त्याचा गोडेपणा संपतो.

झऱ्याच्या गोड्या पाण्यात राहणारा एखादा आंधळा कवचधारी जीव असेल तर त्याला एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत सरोवरातून जाता येणार नाही. ते पाणी त्याला मारील. म्हणजे प्रत्येक झरा हे आपापले बेट. ही बेटे किती जुनी, हे विवराच्या वयावर अवलंबून. एका पद्धतीने ते सुमारे ५० हजार वर्षांचे निघते. आर्गॉन मापनाने सुमारे ५ लाख ७० हजार वर्षांचे. भूशास्त्रज्ञांमधला हा वाद जीवशास्त्रज्ञालाही थेट लागतो, कारण पन्नास हजार वर्षांत जाती फारशा वेगळ्या होत नाहीत आणि पाच लाख वर्षांत होऊ शकतात. डीएनएमधला फरक मोजून या वादात उलट दिशेने साक्ष देता येईल. ओह्रिडला चुनखडी आहे, लोणारला नाही; पण झऱ्यावर जगणारी एकाकी जीवसृष्टी शोधायची पद्धत दोन्हीकडे एकच.

पद्धतीबद्दल सांगताना मला फार आनंद होतो, कारण त्यातली बरीचशी आपल्याकडे आधीपासून आहे. खानदेशातल्या बायका उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून झिरा करतात. आधी गढूळ पाणी साचते, ते वाटीने उपसून टाकायचे, मग हळूहळू नितळ पाणी भरते आणि ते कळशीत भरायचे. भूजल-जीवशास्त्रातली एक मुख्य पद्धत हीच आहे. काठाच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात झिरपलेले पाणी बारीक जाळीतून गाळायचे आणि जाळीत राहिलेले जीव भिंगाखाली पाहायचे. तिला कारामान-शाप्वी पद्धत म्हणतात. यातले कारामान ओह्रिडच्याच मुलखात, स्कोप्येला काम करणारे. फरक एवढाच की शास्त्रज्ञ आधीचे गढूळ पाणी टाकत नाही. त्याला त्यातच जास्त सापडते.

पाणी कापडाने गाळण्याचेही तसेच. वस्त्रगाळ पाणी ही जुनी रीत. जैन घरांत तर गाळण्यावर राहिलेले जीव, ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत हलक्या हाताने परत सोडायचे. त्या पाण्याला जीवाणी म्हणतात. पाण्यातला प्रत्येक जीव त्याच्या मूळ जागी परत गेला पाहिजे हा विचार माझ्या दृष्टीने या शास्त्राच्या नैतिक पायाइतकाच भक्कम आहे. कापडाने गाळण्याला पुढे आरोग्याचेही कारण मिळाले. नारूचा जंत ज्यातून पसरे तो सायक्लॉप्स हाही एक कोपेपॉडच, आणि पायविहिरींत, उघड्या बारवांत तो भरपूर असे. गाळणी, पायविहिरी बंद करणे आणि विहिरींत औषध टाकणे या उपायांनी नारू गेला. फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला. हे फार मोठे काम झाले. अभ्यासकाने एवढे लक्षात ठेवावे की विहिरीत सापडणारा प्रत्येक जीव भूगर्भाचा रहिवासी नसतो. डोळे असलेला, हिरवट रंगाचा सायक्लॉप्स वरून आलेला पाहुणा. डोळे नसलेला, पांढरा, लांब मिशांचा तो आतला. पहिली सवय ही वेगळे ओळखण्याची लागली पाहिजे.

आणि जळगाव जिल्ह्याजवळ एक असे साधन आहे जे प्रागच्या वेयडॉव्हस्कीपाशीही नव्हते : ठिबकचा फिल्टर. केळीच्या प्रत्येक बागेत बोअरचे किंवा विहिरीचे पाणी तासन्‌तास जाळीच्या किंवा चकत्यांच्या फिल्टरमधून जाते. या जाळीची भोके साधारण १३० मायक्रॉनची, म्हणजे भूजलातले मध्यम आकाराचे कवचधारी जीव अडकतील एवढी. शेतकरी दर एक-दोन दिवसांनी फिल्टर उघडतो, झाकणाची क्लिप सोडतो, चकत्या सैल करून पाण्याच्या जोराखाली धुतो, आणि तांबूस-करडा गाळ बांधावर वाहून जातो. तो गाळ एका पांढऱ्या घमेल्यात धरावा. पंपाच्या पंख्यातून आलेला जीव फाटलेला असतो, पण त्याचे पाय, मिशा, कवचाचे तुकडे ओळखता येतात, आणि डीएनए तर शिल्लक असतोच. ९५ टक्के अल्कोहोलची एक छोटी बाटली, तीवर गाव, गट नंबर, विहिरीची खोली, तारीख. एवढ्यावर खानदेशातल्या शेकडो ठिकाणांचा नमुना एका हंगामात जमू शकतो. केरळच्या लोकांनी नळातला मासा दिला. इथले लोक फिल्टरचा गाळ देऊ शकतील.

घाई आहे हेही सांगायला हवे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी नियमाने मोजते. २००९ च्या भूजल अधिनियमात साठ मीटरपेक्षा खोल विहिरीचा वेगळा विचार आहे. पाण्याची मोजणी आहे, तिचा कायदाही आहे. जिवांची मोजणी त्यात नाही. तोवर शेकडो फूट जाणारे बोअर लाव्हाचे कित्येक थर भोसकून जातात आणि लाखो वर्षे वेगळे असलेले पाणथर एका नळीने जोडतात. वरचे पाणी खाली उतरते आणि वरचा झरा बंद पडतो. वाळूउपसा झाला की झिरा उरत नाही आणि त्या वाळूत राहणारेही उरत नाहीत. खताचा नायट्रेट खाली झिरपतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरलेली आहे. कोपेपॉडसाठी कुणी मर्यादा ठरवलेली नाही. डास कमी व्हावेत म्हणून विहिरीत गप्पी मासे सोडतात, ते या आंधळ्या जिवांनाही खातात.

पुनर्भरणाचे काम मात्र मला शत्रुपक्षातले वाटत नाही. शिरपूर तालुक्यात सुरेश खानापूरकर या भूशास्त्रज्ञाने नाले रुंद-खोल करून, बंधारे बांधून जो प्रयोग उभा केला त्याने अनेक विहिरींना पुन्हा पाणी आणले, आणि पाणी असेल तर त्यातला जीवही जगेल. बारीपाडा या गावाने जंगल राखून हेच साधले. मे २०२५ मध्ये तापी खोऱ्याच्या महापुनर्भरण योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने केला. तिचा रोख बझाडाच्या त्याच गोट्यांच्या पट्ट्यावर आहे. माझा आग्रह दोनच गोष्टींचा. पुराचे गढूळ पाणी सरळ विहिरीत सोडू नये, गोटे-वाळूच्या शोषखड्ड्यातून गाळून सोडावे. चिखलाने सांधे बुजले की पाणीही थांबते आणि रहिवासीही गुदमरतो. आणि काम सुरू होण्याआधी त्या पट्ट्यातल्या काही विहिरींचे जीव एकदा नोंदवून ठेवावेत. खर्च नगण्य आहे. नंतर तुलना करायला दुसरा कोणताही मार्ग राहणार नाही. शिवाय हे जीव दगडावरचा जिवाणूंचा लेप चरतात, बारीक वाटा मोकळ्या ठेवतात. पुनर्भरण किती निर्मळ झाले हे त्यांच्याकडूनच सर्वांत लवकर कळेल.

नव्या अभ्यासकाने एखाद्या ओळखीच्या विहिरीपासून सुरुवात करावी आणि वर्षभर तीच धरून ठेवावी. बारीक कापडाची शंकूसारखी जाळी शिवून घ्यावी, टोकाला छोटी बाटली आणि वजन बांधावे, ती तळाला टेकवून दोन-चार वेळा वरखाली करून गाळ उठवावा आणि सावकाश वर ओढावी. पहिल्या खेपेला बहुधा काही मिळणार नाही. भूजलातले जीव विरळ असतात आणि शून्य ही सुद्धा नोंद असते. दोन वेळा चुकवू नयेत. एक दिवाळीनंतर, पाणी काठोकाठ असताना आणि पावसाळ्यातले अन्न नुकतेच खाली उतरलेले असताना. दुसरी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास, जेव्हा सगळे रहिवासी उरल्यासुरल्या पाण्यात गोळा झालेले असतात. डायरीत पाण्याची पातळी, तापमान आणि क्षारता लिहावी, विहिरीच्या भिंतीचा थर-थर आराखडा काढावा, आणि विहीर कुणी, कधी, कशी खोदली हे मालकाला बसवून विचारावे. सांधा कुठे लागला, पाणी कोणत्या अंगाने आले, कोणत्या साली आटले, हे त्याला हाताच्या रेषांइतके ठाऊक असते, आणि आपल्या नकाशात त्याची जागा पहिली आहे.